सोजराबाई सगळं वाचते

पन्नाशीला टेकल्यावर सोजराबाईला अक्षरं कळायला लागली आणि आमच्या चाळीची शांतता कायमची गेली.

बोईसरला माझ्या शेजारच्या खोलीत राहते ती. मूळची परभणीकडची. नवरा, रामकिसन, कापडाच्या कंपनीत आणि ही एका कँटीनमध्ये भांडी घासते. नात स्वरा पहिलीत गेली, तशी आजीही पाटी घेऊन तिच्याशेजारी बसली. पोरगी बाराखडी शिकून खेळायला पळाली. ही मात्र जे हाताला लागेल ते वाचत सुटली. बरं, मनातल्या मनात वाचावं की नाही? छे! मोठ्यानं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. एकदा माझ्या पिशवीतली ट्यूब उचलून भर नळावर ओरडली, "अगं अर्चना, हे मूळव्याधीचं मलम हाय की!" मी दोन दिवस नळावर गेले नाही.

वाणी भगवंत तिला लांबून बघितलं की बिस्किटांचे जुने पुडे फळीखाली ढकलतो, कारण ती तारखा वाचते. चाळीतल्या लाडकीआजीचं लाइटबिल, कुणाचं रेशनकार्ड, कोळगावला कलेक्टर कचेरीत न्यायचा कुणाचा अर्ज, सगळ्यात हिचं नाक. नावात चूक सापडली की त्या माणसाला दंडाला धरून नवा अर्ज लिहायला बसवणार. मी म्हणायची, "सोजराबाई, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?"

"भाजता येत्यात म्हणून," ती म्हणायची.

मी दहावी पास आहे. मला असली हौस कधी आली नाही.

माझ्याबरोबर कंपनीत पॅकिंगला तानी आहे, तिकडे डोंगराकडच्या पाड्यावरची. मे महिन्यात तिच्या सपनाचं लग्न निघालं. पाड्याची विहीर चढणीखाली, आणि उन्हाळ्यात तिच्यात पाणी ते किती! "आदल्या दिशी भरून ठेवाया कायबी नाय गं," तानी म्हणाली. मी म्हटलं, काळजी करू नको, ड्रम माझ्याकडे लागला. आमच्याकडे भंगारवाल्याकडचे ते निळे ड्रम घरोघरी असतात. मी एक आणला, साबण लावून तीनदा घासला. वरचं लेबल विळीनं खरवडलं. अर्धं निघालं, अर्धं मेलं चिकटूनच बसलं. आदल्या दिवशी तिच्या मांडवात नेऊन ठेवताना ती बाजू मी घराच्या कुडाकडे फिरवली. फोटोत कशाला तसलं घाण दिसायला हवं?

लग्नाच्या सकाळी मी आणि सोजराबाई पोचलो, तोवर बायकांनी आदल्या संध्याकाळपासून हंडे वाहून तो ड्रम काठोकाठ भरला होता. वऱ्हाडाचा टेम्पो तासाभरात यायचा होता. आचारी डाळीचं पातेलं चुलीवर चढवत होता.

आणि सोजराबाईचं सुरू झालं! मांडवावरचं नवरा-नवरीचं नाव वाचलं. खुर्चीच्या पाठीवरचा मंडपवाल्याचा नंबर वाचला. तांदळाचं पोतं वाचलं. मी तोंड लपवून बसले होते. मग चष्मा सावरत बाई ड्रमामागे शिरली.

"ज… ह… री… ला."

आचाऱ्यानं तेवढ्यात तांब्या ड्रमात घातला होता. तिनं तो त्याच्या हातातून हिसकावला, दोन्ही हात ड्रमाला लावले आणि अंगातला सगळा जोर काढून तो आडवा पाडला. पाणी धो धो उताराला लागलं.

आई गं! काय गलका झाला! बायका तिच्या अंगावर धावल्या. तानीनं तिचा दंडच धरला. "माज्या पोरीच्या लग्नात पानी सांडतंस? रातभर वाह्यलंय आमी! याड लागलंय का तुला?"

"लिवलंय त्याच्यावर," सोजराबाई धापा टाकत म्हणाली. "वाच."

तानीला वाचता येत नाही. तिथं जमलेल्यातल्या बहुतेक बायांना येत नाही. तानीनं इकडेतिकडे बघितलं आणि मला हाक मारली. "अर्चना, तू वाच गं. तू शिकलेली हायस. ही खरं बोलते का?"

खोटं सांगावंसं वाटलं, शपथ. नुसतं म्हणायचं, काही नाही गं, कंपनीचं नाव आहे. सगळं सोजराबाईवर शेकलं असतं. मी खाली वाकले आणि ते हिंदीतलं वाचलं. जहरीला पदार्थ. खाली ड्रम में खाने-पीने की चीज़ें न रखें. म्हणजे रिकाम्या ड्रमात खायचं-प्यायचं ठेवू नका. अक्षरं चांगली बोटाएवढी होती.

आचारी आपल्या ओल्या हाताकडे बघत होता. सोजराबाईनं कुणालाही काही सुनावलं नाही. पदर खोचला, कुडाशेजारचा हंडा उचलला आणि चढण उतरायला लागली. तिच्यामागं एकेक बाई निघाली.

तानी मात्र ड्रमाजवळच उभी राहिली. खरवडलेल्या जागेवरून तिनं बोट फिरवलं.

"हे कोनी काडलं? आन् असा कुडाकडं कोनी फिरवला?"

"मी," मी म्हटलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी खरोखरच कळत नसल्यासारखं, आणि विचारलं, "पन तुला तं वाचता येतं ना?"