एक पाटा जादा

आमचं पाट्यांचं दुकान आहे, शिरोलीच्या अलीकडं, हायवेला लागून. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते ना, सगळं ओझं पेलते ती, तेच पाटे. नवरा भट्टी आणि फिटिंग बघतो, मी गिऱ्हाईक बघते. गणपती उठले की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि येणारा प्रत्येक जण एकच मागणं मागतो, एक पाटा वाढवून द्या. कारखाना सुरू झाला की ट्रॉलीत दुप्पट ऊस कोंबायचा असतो. लग्न होऊन आले तेव्हापासनं हेच ऐकत आलेय. जादा द्यावं, कमी पडू देऊ नये. आमच्याकडं पावण्याच्या ताटात रस्सा वाढतानाही कुणी पुरे म्हणलेलं ऐकत नाही. आता हे आठवलं तरी लाज वाटते.

त्या वर्षी ट्रॉल्यांच्या मधोमध आमच्या गल्लीतले सर आपली जुनी दोन सीटची गाडी टेम्पोवर घालून घेऊन आले. विलायती, बिनटपाची, बुटकी. मामाकडून मिळालेली ती गाडी त्यांनी निवृत्तीनंतर हळूहळू उभी केली होती. इंजिन झालं, रंग झाला, राहिलं होतं ते फक्त मागचं अंग. पाटे बसले होते, सांध्यातले रबरी बुश संपले होते, कमान ज्याला लटकते त्या कड्या गंजून एकजीव झाल्या होत्या. आमचे चाचा म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने मिस्त्री. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, ही काय गाडी हाय, हे तर खेळणं हाय.

सरांना घाई होती ती बाईंसाठी. बाई म्हणजे त्यांची बायको. जन्मभर शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गुडघे दुमडून बसता येत नव्हतं. रिक्षा नाही, एसटी नाही, साधी मोटारही नाही. पण या गाडीत माणूस पाय लांब सोडून, जवळजवळ आडवा बसतो. सरांनी त्यांना पोर्चमध्ये गाडीत बसवून बघितलं होतं. बाई तिथंच अख्खा चहा पिऊन उतरल्या, पाठ दुखली नाही. त्यांना जयसिंगपूरला माहेरी जायचं होतं. घरात त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. दिवाळी झाली की भावाची पोरं ते घर पाडून तिथं इमारत बांधणार होते. त्याआधी एकदा जायचं होतं.

सरांनी नवऱ्याला माझ्यासमोर सांगितलं, "पाटे जितके आहेत तितकेच ठेवा. एकही जादा नको. गाडी मऊच पाहिजे."

नवऱ्यानं शब्द दिला आणि पाळला. त्यानं पाटे सुटे केले, गंज काढला, भट्टीत तापवून जुन्या बाकाला आणले, बुशांचं रबर नवं बसवलं, शॉकअपमध्ये तेल भरलं. ट्रॉलीवाले खोळंबले होते तरी त्यानं हात आवरता घेतला नाही. गाडी चाकांवर उभी राहिली आणि मी बघितलं, तर मागचं अंग अजून खालीच. मांजर दबा धरून बसावं तसं. ट्रॉलीवाले हसायला लागले. एक जण म्हणाला, वहिनी, नवी करून पण बसलेलीच की ओ.

झालं. माझं डोकं फिरलं. आमच्या दुकानातनं गाडी बसलेली जाणार? नवरा एका लग्नाला गेला होता. मी चाचांना म्हटलं, एक पाटा वाढवा, पैसे लावायचे नाहीत, बाईंना माझ्याकडनं भेट. चाचा म्हणाले, मालकानं न्हाय म्हटलंय. मी म्हटलं, "मालक कोण हाय हितं?" चाचांनी पाना उचलला.

संध्याकाळी सर आले तेव्हा गाडी कशी ताठ उभी होती. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, एक पाटा माझ्याकडनं जादा घातलाय, आता आयुष्यात बसायची नाही. सर गाडीकडं बघत राहिले. मग म्हणाले, आपुलकीनं केलंत वहिनी. बास, एवढंच. भला माणूस, भांडायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. नवऱ्याला कळल्यावर तो मात्र चिडला. आत्ताच्या आत्ता गाडी परत आणतो म्हणाला. मी त्याच्यावरच उखडले. सरांना चाललं आणि तुमच्याच पोटात का दुखतंय, असं बोलले. त्यानं विषय सोडला, कारण माझ्या तोंडाला लागायचं नाही हे त्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलंय.

नंतर आठ-दहा दिवस मी गल्लीभर सांगत सुटले होते, बाईंना माहेर आम्हीच दाखवणार म्हणून.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही त्यांच्याकडं गेलो. बाई पलंगावर सरळ झोपलेल्या, मानेखाली उशीसुद्धा नाही. मी विचारलं, झालं का माहेर? सर म्हणाले, हातकणंगल्यापर्यंत गेलो, तिथल्या खड्ड्यात हिची पाठ धरली, तिथनं परत फिरलो. डॉक्टरांनी दिवाळी होईपर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलंय. बाई लगेच म्हणाल्या, माझीच पाठ नाठाळ, गाडी तुम्ही छान केलीत. मी सोनं हातात धरून तशीच उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना नवरा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी आणली आणि जादाचा पाटा स्वतः काढला. गाडी पुन्हा खाली बसली. मला झोप लागेना. बाईंना हलायचं नाही, घर तर दिवाळीनंतर पडणार. मग मीच तोड काढली. बाई जाऊ शकत नाहीत ना, मग बहिणीलाच इकडं आणू. सर म्हणाले, हिला एकदा विचारतो. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, सरप्राइज देऊ. मीच निघाले त्यांच्या शेजारी बसून.

हायवेवर गाडी अशी चालली की पोटातलं पाणी हलेना. हातकणंगल्याला जिथनं ते परत फिरले होते, तिथला खड्डा लागला आणि मला कळलासुद्धा नाही. मी रस्ताभर तोंड फिरवून बाहेर बघत बसले. सरांना माझं तोंड दिसू नये, एवढंच वाटत होतं.

जयसिंगपुरात बहीण दारात आली. आत या, चहा घ्या म्हणत होती. मी म्हटलं, चहा तिकडंच घेऊ, तुम्ही साडी बदला आणि चला, बाईंना सरप्राइज द्यायचंय. तिला आवरायला लावलं आणि गाडीत बसवून दिलं. दोनच सीटा, म्हणून मी मागनं एसटीनं आले. उभ्यानं आले, पण मनाला जरा हलकं वाटत होतं. चुकलं ते निस्तरलं, असं स्वतःला सांगत होते.

त्यांच्या घरी पोचले तर दोघी बहिणी हातात हात घेऊन गप्पा मारत होत्या. बाईंचे डोळे रडून लाल झालेले, पण चेहरा खुललेला. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं. माझा हात धरून म्हणाल्या, ताईला आणलंस, फार बरं केलंस. मला रडूच फुटलं. म्हटलं, बाई, तो पाटा मी घातला होता, माझ्यामुळं तुमचं जाणं हुकलं.

"ते मला पहिल्याच खड्ड्याला कळलं गं," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आला. "ताई काय, कुठंही भेटली असती. मला घर बघायचं होतं."

त्या पुढं म्हणाल्या, आता मी उठेपर्यंत ते पडलेलं असेल. ताईला विचारलं, तर ती म्हणते, आहे तसंच आहे, तिला रोज बघून काय दिसणार. तू आज नव्यानं बघितलंस, तू सांग. मागच्या पडवीत अजून ऊन येतं का? भिंतीवर आमच्या उंचीच्या रेघा होत्या, त्या दिसतात का?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बहीणसुद्धा.

"मी दारातच उभी होते, बाई," मी म्हटलं. "घाई होती."

बाई म्हणाल्या, असू दे. सर म्हणाले, बसा की वहिनी. मला बसवलं नाही.