टँकरच्या रांगेत ऐकलेला शेवट

मुलांनो, तुम्ही पाठवलेला त्या जुन्या मालिकेचा शेवटचा भाग काल पाहिला. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वीचा, दुष्काळातला रविवार होता. हाच भाग सुरू झाला आणि आमच्या नव्या कॉलनीत टँकर आला. तापलेल्या रस्त्यावर मी हंडा घेऊन रांगेत उभी, जीव मात्र टीव्हीत. शेजारच्या शांतावहिनी टीव्ही बघत खिडकीतून घर सोडून गेलेल्या नायिकेची गोष्ट ओरडून सांगत होत्या. मधेच गप्प झाल्या.

"वहिनी, ती घरी परत आली का? मी येते तिकडं."

"उगं पळत येऊ नको, नंबर जाईल. आली ती घरी. हंडा सरकव पुढं."

काल कळलं, ती परत येतच नाही. वहिनी आता नाहीत. माझ्या मनात मात्र ती बाई अजून घरीच आहे.