नटासाठी केलेली आंघोळ

आज एका म्हाताऱ्या गायिकेच्या निधनाची बातमी मोबाईलवर वाचत बसले आणि गॅसवरची वांगी करपली. तो वास नाकात शिरला तशी मी थेट दहा वर्षांची झाले.

त्या दुपारी रेडिओवर एक नट गेल्याचं सांगितलं. आईची वांगी अशीच करपली. ती उठली आणि जवळचं माणूस गेल्याची खबर आली की घेतात तसं तिने डोक्यावरून पाणी घेतलं. मग ती ओल्या केसांनी उंबऱ्यात बसून ओक्साबोक्शी रडली. मला भयंकर राग आला. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आल्यागेल्याला तीच धीर देत होती.

“बाबांसाठी नाही रडली, अन् याच्यासाठी काहून रडून राहिली वं?”

पदराने नाक पुसत आई म्हणाली, “तवा तुमी तिघं लहान होते. मले रडाले फुरसत होती का? लग्न झाल्यावर तुह्या बाबानं मले याचाच पिक्चर दाखवला होता.”

मला ते काही पटलं नाही.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा धंतोलीच्या दवाखान्यात मी फाइल घेऊन पळत होते, मग सगळ्यांना फोन करत होते. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. आज गेलेल्या या गायिकेचीच गाणी आई पोळ्या लाटताना गुणगुणायची.

मी गॅस बंद केला. न्हाणीत जाऊन डोक्यावर तांब्याने पाणी ओतत राहिले.

“आई, परत आंघोळ? कोणी गेलं का?” लेकीने बाहेरून विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “तुझी आजी.”