सुपरमार्केटमधली हाक
सॅनिटायझरचा वास आला की अजून मी आधी लेक कुठे आहे ते बघते. करोनाच्या दिवसांत आम्ही राहतो त्या हिंदी मुलखातल्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीची दांडी पुसायला मी चार वर्षांच्या लेकीचा हात सोडला, वळून बघते तर ती नाही. दुकानातल्यांनाही कळावं म्हणून मास्कमधूनच "बेटा, कहाँ हो?" ओरडत मी धावत सुटले, दुकानातले भैयाही हाका मारू लागले. ओ येईना. मग आठवलं, मीच तिला बजावलं होतं, हिंदीत कुणी बोलावलं तर ओ द्यायची नाही, घरचं माणूस मराठीतच बोलावेल. मास्क खाली ओढून मी किंचाळले, "बाळा, कुठे आहेस गं?" पिठाच्या पोत्यांमागून रडका आवाज आला, "आई, इथे!" तिचे मळके हात मी तसेच तोंडाशी धरले. आता ती माझ्याशीही हिंदीतच बोलते. गर्दीत मात्र मी मराठीतच हाक मारते, आणि ओ येईपर्यंत श्वास घेत नाही.