ताईच्या किडनीबरोबर आलेला

कापडावर खडूने ओढलेली सरळ रेघ मास्तरांना मध्येच तुटलेली दिसली. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. मग त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, आणि दुकानाचं अर्धं दारच नाहीसं झालं. शिंप्याचा डोळाच गेला तर उरतं काय? चार दिवस अंगात कणकण होती. ती त्यांनी घरी कुणाला कळू दिली नव्हती. आता मात्र सांगावंच लागलं.

सात महिन्यांपूर्वी थोरल्या बहिणीने त्यांना आपली एक किडनी दिली होती. ताईच त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "किडनीबरोबर एक विषाणू आलाय. ताईंच्या शरीरात तो लहानपणापासून असणार. त्यांच्या पेशींनी त्याला ओळखून दाबून ठेवलं होतं. तुमच्या शरीराने तो कधी पाहिलाच नव्हता. त्यात किडनी टिकावी म्हणून तुमची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी कमी केलेली. त्याला रोखणाऱ्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स महिन्यापूर्वी संपला आणि तो वाढला. तोच डाव्या डोळ्यात उतरलाय."

"मग प्रतिकारशक्ती कमी करणारी ती औषधं बंद करा," ताई म्हणाली.

"केली तर शरीर किडनीवरच उठेल. थोडी कमी करते. विषाणूवर सलाइनमधून औषध देऊ. पण तुमच्या पेशी त्याला ओळखायला शिकल्या पाहिजेत."

बाहेर बाकावर ताई हळूच म्हणाली, "मीच दिला ना रे तुला?"

"लहानपणी तुझं काही मागितलं तर द्यायची नाहीस. आता न मागता दिलंस," मास्तर म्हणाले. दोघांनाही हसू आलं नाही.

दर सोमवारी रक्त तपासायला जायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. कुशीत जरा दुखलं की मास्तरांना वाटे, किडनी गेली. डोळ्यापुढे ठिपका सरकला की वाटे, दुसराही डोळा गेला. तिसऱ्या सोमवारी किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा वाढला, तेव्हा ताई दिवसभर जेवली नाही. पुढच्या तपासणीत तो उतरला.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या पेशी आता त्याच्याशी लढतायत. रक्तात तो जवळजवळ दिसत नाही."

"म्हणजे गेला?"

"जात नाही तो. दबून राहील. आपण तपासत राहायचं."

डाव्या डोळ्याची कड अंधारीच राहिली. मास्तरांनी मशीन फिरवून घेतलं, दार उजव्या हाताला येईल असं. दुकान पुन्हा चालू झालं. पण माप घेताना मध्येच ते टेप गळ्यात टाकतात आणि कपाळाला हात लावून कणकण आहे का ते पाहतात. गिऱ्हाईक हात पसरून तसंच थांबतं.