बंद कीबोर्ड वाजवणारी मावशी

माझी मावशी कीबोर्ड निवडते तो बंद ठेवून. "चालू केला की सगळेच गोड बोलतात," ती म्हणते. "लग्नाआधी तुझे काकाही बोलायचे." काका समोर बसून पेपर वाचत असले, तरी वाक्य बदलत नाही.

तिचं दुकान म्हणजे दोन कपाटं आणि दुरुस्तीचं एक टेबल. मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवून ती नुसती खटखट ऐकते. कुठली पट्टी डुगडुगते, कुठली दाबली की रुसून खालीच बसते, तिला लगेच कळतं. सहाशे आवाज आणि लुकलुकणारे दिवे म्हणजे तिच्या लेखी नुसती पावडर. सगळी माहितीपत्रकं मी पाठ केली आहेत, पण मला कुणी विचारत नाही.

एकदा स्वस्तातले दोनच कीबोर्ड उरले होते. एक जुना, पण बोटांचा दाब ओळखणारा: हलकं दाबलं तर आवाज हळू, जोरात दाबलं तर मोठा. दुसरा नवा कोरा, पण कसाही दाबा, आवाज तेवढाच. त्याच दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला निघालेले शिंपीकाका आणि हॉटेलांत वाजवणारा एक वादक. त्याचा कीबोर्ड बंद पडला होता, आणि परवा एका मोठ्या हॉटेलात त्याला वाजवून दाखवायचं होतं. जमलं तर कायमची नोकरी, नाहीतर पुन्हा दारोदार.

मावशीने जुना शिंपीकाकांना दिला.

"ताई, उलटं झालं," वादक म्हणाला. "नवशिक्याला खेळणं पुरतं. हळू-मोठं करता आलं नाही तर मी परवा वाजवू काय?"

"खेळण्यावर शिकलं की बोटं जन्मभर खेळतात. तुमची मुरलेली आहेत. ह्यांची कच्ची. कच्च्याला चांगलंच लागतं."

"माझी नोकरी जाईल त्याचं काय?"

"ती माझ्यावर. उद्या संध्याकाळी या."

तो गेला तो दार आपटूनच. मीही मनात त्याच्याच बाजूचा होतो. माहितीपत्रकं तसंच सांगतात.

मावशीने नवा कीबोर्ड उघडला. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या तारा बाहेर काढल्या आणि शिंपीकाकांकडून विजेवरच्या शिलाई मशीनचं जुनं पायडल मागवलं. त्याच्या आतलं सगळं काढून तिथे आवाजाचं बटण बसवलं. पाय दाबला की सूर मोठा, सोडला की हळू.

दुसऱ्या संध्याकाळी वादकाने पायडलकडे बघून विचारलं, "ह्यावर गाणं वाजवू की झबलं शिवू?"

"आधी वाजवा. उरलं कापड तर झबलं."

त्याने वाजवलं. पाचव्या मिनिटाला त्याचा पाय आपोआप चालायला लागला. तो निघाला तेव्हा त्याने दार अगदी हळू लावलं.

पंधरा दिवस त्याचा पत्ता नव्हता. शिंपीकाका मात्र रोज येऊन एकच ओळ वाजवून दाखवायचे, दर खेपेला जरा हळुवार. दार वाजलं की मावशीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबायचा.

मग वादक आला, पायडल बगलेत मारून. मावशीने विचारलं, "परत करताय?"

"छे. तेल द्या. रोज संध्याकाळी तीन तास दाबून दाबून करकरायला लागलंय. मॅनेजर म्हणतो, गाणं छान, पण मागे शिवतंय कोण?"

मावशीने तेलाची कुपी शोधायला पाठ फिरवली. बराच वेळ तिला ती सापडेना. टेबलावर समोरच होती.