पुसलेला फळा

काल नातीने फळा ओल्या फडक्याने पुसला, आणि ओल्या खडूच्या वासाने मला एक जुनी सकाळ आठवली. तेव्हा मी मेहकरजवळच्या एका शाळेत झाडलोट करायची. सरांनी आदल्या दिवशी इंग्रजी वाक्याची आकृती काढली होती, आडवी रेघ, तिला तिरपे फाटे, प्रत्येकावर एक शब्द. "मावशी, या फळ्याले हात लावू नका, उद्या तपासणीले साहेब येऊन राह्यले," असं बजावलंही होतं. सकाळी सवयीने फडकं फिरलं. आता कामावरून काढणार. रांगोळीच्या सवयीने रेघा लक्षात होत्या, त्या घाईने परत काढल्या. पण शब्द कुठून आणू? माझी शाळा चौथीपर्यंतची. तेवढ्यात घंटा झाली, पोरं बसली, साहेबांना घेऊन सर आले. त्यांनी रिकाम्या रेघा पाहिल्या, माझ्या हातातला खडू पाहिला. मी दाराला धरून उभी. सर म्हणाले, "चला, शब्द कोण भरते?" पोरांनी भरले. साहेब गेल्यावर सर म्हणाले, "मावशी, एक फाटा उलटा काढला तुम्ही." "मंग?" "वर्गातल्या एका पोरीनं तो पुसून नीट काढला. साहेब त्यावरच खूश झाले." मी हातातला खडू सरांना परत दिला. आजही कुठलाही फळा मी विचारल्याशिवाय पुसत नाही.